दारूबंदीच्या जिल्ह्यातलं कॉकटेल



शीर्षक वाचून दचकू नका. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि तिला आता पन्नासएक वर्षं झाली. ती कितपत पाळली जाते हा निराळा विषय. त्यावर लिहायला बसले तर आजचा दिवस पुरायचा नाही. तेव्हा ते असो. आजचं कॉकटेल भाज्यांच्या रसाचं आहे. निवृत्त मास्तरीणबाईंनी घरच्या मिक्सरमध्ये केलेलं, सोवळ्यातलं म्हणा हवं तर.

निमित्त भाचीचं. ती अमेरिकेत असते. तिकडे आठ भाज्यांचा एकत्र केलेला रस डब्यात, बाटलीत तयार मिळतो. चवीला बरा लागतो पण मीठ फार असतं म्हणते. तिने मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "मावशी, असा रस घरी कसा करायचा?" आणि दुसरा, "तुमच्याकडे लोक सकाळी लवकीचा रस पितात ना, तोही यात घालू का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ते खाली देतेच. दुसऱ्याचं उत्तर "नको" एवढंच आहे, पण ते का, हे समजावून सांगायला एवढा लेख लिहावा लागतोय. (पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी : आम्ही ज्याला लवकी म्हणतो तो तुमचा दुधी. आणि पुढे सांबार असा शब्द आला तर इडलीजवळची वाटी डोळ्यांपुढे आणू नका. वऱ्हाड-नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.)

तो अमेरिकन डबा मला उगाच गमतीचा वाटला, म्हणून त्याचा इतिहास शोधून पाहिला. व्ही-एट हे त्याचं नाव. १९३३च्या सुमारास इलिनॉय राज्यातल्या पीकॉक नावाच्या गृहस्थांनी तो तयार केला. टोमॅटो, गाजर, बीट, पालक, सेलरी, पार्सली, लेट्यूस आणि वॉटरक्रेस अशा आठ भाज्या. त्यातला बहुतेक रस टोमॅटोचाच. पुढे १९४८ मध्ये सूप विकणाऱ्या कॅम्पबेल कंपनीने तो विकत घेतला आणि घरोघरी पोचवला.

आता योगायोग पाहा. जवळजवळ त्याच वर्षांत इकडे आमच्या वर्ध्यातही कच्च्या भाज्यांचा विचार चालू होता. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालालजी बजाजांनी त्यासाठी आपली बाग आणि घर दिलं, त्याला मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी म्हणू लागले. जे. सी. कुमारप्पा संघाचे सूत्रधार. गांधीजी स्वतः १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला जाईपर्यंत मगनवाडीतच होते. तिथे हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांच्या बरोबरीने पानांचाही अभ्यास चाले. खेड्यातल्या गरिबाला पैसा न लागता काय चांगलं खाता येईल, हा त्या सगळ्यामागचा प्रश्न. १९३५ साली गांधीजींनी 'हरिजन'मध्ये हिरव्या पानांवर लिहिलं. मुळा, गाजर, सलगम यांचा जो पाला आपण टाकून देतो तो स्वच्छ धुऊन थोडा थोडा जेवणाबरोबर कच्चा खावा, असा त्याचा आशय. पुढे १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकातही तेच आहे : काकडी, टोमॅटो, कोवळी पानं शिजवायची गरज नाही, नीट धुऊन थोड्या प्रमाणात कच्ची खावी.

त्यातला "थोड्या प्रमाणात" हा शब्दप्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. गांधीजी प्रयोगाच्या बाबतीत कुणाला ऐकणारे नव्हते. १९२९ साली त्यांनी काहीच न शिजवता खायचा प्रयोग केला, 'यंग इंडिया'त त्याबद्दल उत्साहाने लिहिलं, आणि आमांशाने गाठल्यावर प्रयोग थांबवला. थांबवल्याचंही तितक्याच मोकळेपणाने लिहिलं. पोटाने सांगितलेलं ऐकणारा माणूस होता तो. आज सकाळी उठून अनशापोटी मोठा पेलाभर हिरवा रस घशाखाली लोटणाऱ्या आपल्या मंडळींना त्यांच्याकडून काही घ्यायचं असेल तर हे आधी घ्यावं.

म्हणजे एकाच दशकात दोन उत्तरं निघाली. अमेरिकेने भाज्या पिळून डब्यात भरल्या. मगनवाडीने पाला ताटात वाढला. मला विचाराल तर खाण्यासाठी ताटातलाच बरा. भाजी चावून खाल्ली की चोथा पोटात जातो, पोट भरतं, साखर सावकाश रक्तात उतरते. रस काढला की चोथा गेला आणि चार गाजरांचा गोडवा दोन घोटांत आत. आपल्याकडे पिठलं-भाकरीबरोबर कच्ची मेथी, पातीचा कांदा, मुळ्याचा पाला खायची पद्धत होतीच की. कोशिंबिरीवर तेलाची फोडणी घालतो तीही उगाच नाही. गाजरातलं, पालेभाजीतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं. हे पुस्तकात यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या फोडणीच्या पळीत होतं.

मग रस करायचाच कशाला? तर त्यालाही कारणं आहेत. पहिलं कारण दात. माझ्या वयाच्या निम्म्या मैत्रिणींना कच्चं गाजर चावत नाही. कवळी काढून ठेवलेल्या माणसाला कोशिंबिरीचं माहात्म्य सांगणं म्हणजे चेष्टाच. दुसरं कारण आमचा उन्हाळा. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी भाकर नको वाटते, काहीतरी गार, आंबट-खारट प्यावंसं वाटतं. रोज पन्हं आणि ताक किती प्यायचं? आणि तिसरं कारण नातवंडं. बिटाची कोशिंबीर पाहून तोंड फिरवणारी मुलं तोच रंग काचेच्या पेल्यात आला की मागून पितात, वर "आजी, चिअर्स!" म्हणतात. तेव्हा रस जरूर करावा. तो जेवणातला एक पदार्थ म्हणून करावा, औषध म्हणून नव्हे.

आता कृती. दोन मोठ्या किंवा तीन छोट्या पेल्यांसाठी.

दोन पिकलेले मध्यम टमाटर, एक गाजर, अर्धं लहान बीट, एक कोवळी काकडी, मूठभर सांबार, पाच-सहा पुदिन्याची पानं, बोटाच्या पेराएवढं आलं, अर्धं लिंबू (हिवाळ्यात त्याऐवजी एक आवळा), भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर काळं मीठ आणि साधारण एक कप पाणी.

सगळं वाहत्या पाण्यात नीट धुवा. सांबार-पुदिना दोन-तीन पाण्यांतून काढा, कारण पाल्याला माती आणि मातीतलं बाकी सगळं चिकटलेलं असतं, आणि इथे आपण काही शिजवणार नाही. टमाटर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून साल काढा. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपिनमुळे येतो ते थोडी ऊब मिळाली की शरीराला जास्त चांगलं मिळतं. पोट नाजूक असेल तर गाजर आणि बीटही कुकरमध्ये न घालता नुसतं वाफवून घ्या, चव बिघडत नाही. मग मिक्सरमध्ये आधी गाजर, बीट, आलं आणि थोडं पाणी. ते बारीक झालं की टमाटर, काकडी आणि पाला. शेवटी लिंबू, जिरं, मीठ.

गाळायचं की नाही? मी पुरणाच्या चाळणीतून गाळते, बारीक गाळणीतून नाही. म्हणजे घशाला टोचणारं तेवढं मागे राहतं आणि बराचसा गर रसात उतरतो. मागे राहिलेला चोथा टाकू नका. थालिपिठाच्या भाजणीत किंवा पराठ्याच्या कणकेत मळा, रंग सुरेख येतो. रस लगेच प्यावा, सकाळचा रात्रीपर्यंत ठेवू नये. पेल्याबरोबर दहा-बारा भाजलेले शेंगदाणे घ्यावेत, म्हणजे वर म्हटलं ते तेलही पोटात जातं. आणि पेला छोटा असावा. आमच्याकडे चहाच्या कपाएवढाच मिळतो, मागून दुसरा नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल, यात लवकी नाही. आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते.

लवकी ही अत्यंत गुणी भाजी आहे. आजाऱ्याला द्यावी, बाळंतिणीला द्यावी, हलवा करावा, कोफ्ते करावेत. पण ती काकडी-भोपळ्याच्या कुळातली आहे, आणि या कुळाच्या अंगात कुकुरबिटासिन नावाचं एक कडू रसायन असतं. वेलीने किडी-जनावरांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी ठेवलेलं ते हत्यार आहे. माणसाने शतकानुशतकं गोड फळांचं बी राखून राखून ते जवळपास नाहीसं केलं. पण कधीकधी ते परत येतं. पाण्याचा ताण पडला, ऊन फार झालं, शेजारच्या रानवेलीशी परागांची सरमिसळ झाली, की एखाद्या वेलीची फळं कडू निघतात. वरून पाहून काही कळत नाही. हिरवीगार, कोवळी, तुकतुकीत दिसते. ऊन आणि पाण्याचा ताण म्हटल्यावर आम्हा विदर्भवाल्यांना वेगळं काही सांगायला नको.

असा कडू रस पोटात गेला तर उलट्या, जुलाब, पोटात कळा, उलटीतून रक्त, रक्तदाब एकदम खाली, इथपर्यंत पाळी येते. यावर उतारा असं औषध नाही. इस्पितळात सलाईन लावून, लक्ष ठेवून माणसाला सावरावं लागतं. २०१० मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा असाच मृत्यू झाला. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने लवकी आणि कारल्याचा एकत्र रस घेतला होता. पत्नी वाचल्या, ते गेले. त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ च्या सुरुवातीला छापून आला. तरीही २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात, सकाळी धावून आल्यावर लवकीचा रस घेतलेल्या एक बाई काही दिवसांतच गेल्या. वय अवघं चाळिशीचं. तब्येतीची काळजी घेणारी माणसं होती ही, मंडळी. निष्काळजी माणूस सकाळी उठून लवकी किसत बसत नाही.

त्या समितीने सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. रस काढण्याआधी लवकीचा छोटा तुकडा चाखून पाहा. कडू असेल तर ती लवकी टाकून द्या. कडू रस अजिबात पिऊ नका. लवकीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, अस्वस्थ वाटणं यांतलं काहीही झालं तर ताबडतोब इस्पितळ गाठा.

यातली मिसळू नका ही सूचना लोक वाचतात आणि सोडून देतात. पण कॉकटेलच्या दृष्टीने तीच कळीची. कॉकटेल म्हणजे चार चवी एकत्र. त्यात आलं आहे, लिंबू आहे, काळं मीठ आहे, कुणी कारलं घालतं, कुणी कडुलिंबाची पानं घालतं. या गर्दीत लवकीचा कडूपणा ओळखायचा कसा? जीभ हा आपल्या दारावरचा राखणदार. त्याच्या डोळ्यावर आपणच पट्टी बांधायची आणि मग चोर शिरला म्हणून रडायचं. म्हणून भाचीला माझं उत्तर : लवकीची भाजी कर, तीही तुकडा चाखून. कडू निघाली तर शिजवूनही खाऊ नकोस, कारण हे रसायन शिजवल्याने जात नाही. रसाच्या पेल्यात मात्र तिला घेऊच नकोस.

काकडी त्याच कुळातली, हे विसरू नका. माझी सासू काकडी चिरताना देठाकडचा तुकडा कापून तोच घासून फेस काढायची आणि मग एक चकती स्वतः चाखायची. फेस काढल्याने किती फरक पडतो मला सांगता येणार नाही, पण चाखण्याने नक्की पडतो. लवकीचंही तेच. चिरायला घेतली की पहिली फोड घरच्या बाईच्या तोंडात. "चाखून घेतली का गं?" हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात रोज विचारला जायचा. तो कुणी लिहून ठेवला नाही, म्हणून त्याला शास्त्र म्हणत नाहीत, एवढंच. मिक्सरने आणि रसाच्या यंत्राने नेमकी हीच पायरी गाळली. तुकडे टाकले, बटण दाबलं, पेला भरला. हात कुठे थांबतच नाही.

पण यंत्रापेक्षाही मला भीती वाटते ती आपल्या मनातल्या एका समजुतीची. "औषध कडूच असतं." लहानपणी एरंडेल आणि काढा पाजताना आयांनी हे आपल्याला इतक्यांदा ऐकवलं की जितकं कडू तितकं गुणकारी असं आपण धरूनच चालतो. आमच्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ आहेत. रोजच्या रसात एक दिवस त्यांना विलक्षण कडू लागलं. थुंकून टाकायचं सोडून त्यांनी नाक दाबून पेला संपवला, वर घरच्यांना म्हणाले, आजचा रस खरा अस्सल. अर्ध्या तासात ओकाऱ्या सुरू. वेळेत इस्पितळात नेलं म्हणून बचावले. शिकलेला माणूस, पण जिभेने ओरडून सांगितलेलं त्यांनी ऐकलं नाही, कारण संस्कार आड आला.

पाडव्याला आपण कडुलिंब खातो ना? खातो. गांधीजीही कडुलिंबाची पानं खात. पण कडुलिंब आणि कारलं जन्माचेच कडू. त्यांचा कडूपणा आपल्याला ठाऊक असतो, म्हणून आपण बेताने खातो. गोड असायला हवी ती लवकी कडू लागते तेव्हा काहीतरी बिनसलंय असा तो निरोप असतो. वर्गात कायम गप्प बसणारा मुलगा गप्प बसला तर आम्ही शिक्षक काळजी करत नसू. कायम बडबडणारा गप्प झाला की मात्र जवळ बोलावून कपाळाला हात लावून बघत असू. तसंच हे.

आणखी दोन-चार गोष्टी, विशेषतः माझ्या वयाच्या वाचकांसाठी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर टोमॅटो, बीट, पालक यांचे रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि दुखऱ्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. पालक आणि बीट यांत ऑक्झलेट असतं. भाजीतून खाल्लं तर बहुतेकांना काही होत नाही, पण रोज पेलेच्या पेले रस पिऊन मूत्रपिंड बिघडल्याची उदाहरणं वैद्यकाच्या पुस्तकात आहेत. जुडीभर पालक चावून खाताना माणूस आपोआप थांबतो, पिताना थांबत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर हिरव्या पाल्याचं प्रमाण एकदम वाढवू नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कारल्याच्या रसाचे प्रयोग स्वतःच्या मनाने नकोत. आणि रस सुरू केला म्हणून गोळी बंद, हे तर कधीच नको.

"शरीर शुद्ध करणारा रस" असं हल्ली फार ऐकू येतं. शरीर शुद्ध करायला देवाने यकृत आणि मूत्रपिंडं दिलेली आहेत, ती बिचारी रात्रंदिवस तेच काम करतात. त्यांना आपल्याकडून मदत हवी असेल तर ती एवढीच, की त्यांच्यावर नवं ओझं टाकू नये. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या वाटेवर आता गावोगावी रसाच्या गाड्या उभ्या असतात. विकणारा गरीब माणूस पोटासाठी विकतो, त्याच्यावर माझा राग नाही. पण पहाटे घाईने किसलेल्या प्रत्येक लवकीची फोड त्याने चाखली असेल का, एवढा प्रश्न पेला हातात घेण्याआधी स्वतःला विचारावा. मी म्हणेन, लवकीचा रस बाहेर पिऊच नये.

मगनवाडीत ज्यांनी मुळ्याचा पाला ताटात आणला त्यांनी त्याला चमत्कार म्हटलं नव्हतं. फुकट मिळतं, टाकून देतो, ते धुऊन थोडं खा, एवढंच सांगणं होतं. तेवढ्याच अपेक्षेने आपणही हा रंगीत पेला करावा. चांगला लागतो, उन्हाळा सुसह्य होतो, मुलांच्या पोटात बीट जातं. यापलीकडे त्याच्याकडून काही मागू नये.

तर मंडळी, आज संध्याकाळी करून बघा. गाजराचा, काकडीचा, टमाटराचा एकेक तुकडा आधी तोंडात टाका आणि मगच मिक्सरचं बटण दाबा. तुमच्याकडे यात आणखी काय घालतात, आणि तुमच्या आईची-आजीची चाखून बघायची काय रीत होती, ते मला जरूर कळवा. त्या रिती आता आपल्या आठवणीतच उरल्यात, निदान सुनांना-नातींना, आणि हो, मुलांना-नातवांनाही सांगून ठेवू या.